‘भाग १’ आणि त्यानंतरची ३३ वर्षं

१९७४ साली ब्रिटनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात दहा पानांचा एक शोधनिबंध छापून आला. विषय होता सूर्याभोवती फिरणाऱ्या धूलिकणांची गती. लेखक तिघे, त्यातलं मधलं नाव बी. एच. मे. शीर्षकातच लिहिलं होतं: ‘भाग १’. ज्यानं कधी पीएच.डी.ला नाव घातलंय त्याला ते वाचून हसू येईल. भाग १ लिहिताना माणसाला भाग २ अगदी पुढच्या महिन्यात दिसत असतो.

त्याच वर्षी या विद्यार्थ्यानं प्रबंध अर्धवट ठेवून कॉलेज सोडलं. पुढचं जगाला ठाऊक आहे, कारण हा बी. एच. मे म्हणजे ‘क्वीन’ या बँडचा गिटारवादक ब्रायन मे. २००७ मध्ये, वयाच्या साठाव्या वर्षी, त्यानं तोच प्रबंध, त्याच विषयावर, त्याच कॉलेजात पुरा केला.

ही गोष्ट दर दोन-चार महिन्यांनी आमच्या प्राध्यापकांच्या ग्रुपवर फिरत फिरत येते. खाली उगवता सूर्य, जोडलेले हात, आणि ‘स्वप्नांना वय नसतं’. मी भौतिकशास्त्र शिकवतो, आणि त्या ‘गुड मॉर्निंग’ची मला थोडी चीड येते. त्यात घडलेलं काहीच नसतं. एका विद्यार्थ्याची पीएच.डी. का अडली, तिच्या आड छंद आला का, आणि इतक्या वर्षांनी ती उघडता कशी आली, हे प्रश्न आमच्या विभागाच्या कॉरिडॉरमध्ये रोज उभे असतात. म्हणून हे प्रकरण नीट उलगडून पाहावंसं वाटलं.

घर, आणि घरातलं टेबल

ब्रायन हॅरॉल्ड मे याचा जन्म १९ जुलै १९४७ चा, लंडनच्या पश्चिमेला हॅम्प्टन इथला. (१९ जुलै हा जयंत नारळीकरांचाही जन्मदिवस, ते १९३८ चे, कोल्हापूरचे. कुंडलीवाल्यांनी यावर विचार करावा.) आईवडिलांचा एकुलता एक. वडील हॅरॉल्ड सरकारी विमान खात्यात ड्राफ्ट्समन होते, इलेक्ट्रॉनिक्सचे जाणकार. घरातला टीव्हीसुद्धा त्यांनी स्वतः जोडलेला. पैसा बेताचा होता, पण स्क्रू, तारा, ड्रिल आणि वडिलांचा वेळ यांची ददात नव्हती.

१९६३ मध्ये मुलाला इलेक्ट्रिक गिटार हवी होती. दुकानातली परवडणारी नव्हती. बापलेकांनी ती घरीच करायला घेतली, आणि त्यात सुमारे दोन वर्षं गेली. ती गिटार जरा जवळून पाहू.

मानेचं लाकूड आलं एका जुन्या घरातल्या शेकोटीवरच्या फळीतून. शंभराहून अधिक वर्षांचं, वाळून टणक झालेलं. त्याला कीड लागून भोकं पडली होती, ती काड्यापेटीतल्या काड्या ठोकून बुजवली. धडात जुन्या टेबलाचं ओक लाकूड आणि ब्लॉकबोर्ड. वरून महॉगनीचं पातळ पान चिकटवलं, म्हणजे दिसायला साहेबी. पडद्यांच्या (गिटारीच्या मानेवरच्या आडव्या पट्ट्यांच्या) खुणा म्हणून आईच्या बटणांच्या डब्यातली शिंपल्याची बटणं घासून बसवली.

खरी गंमत मात्र कंपनाच्या दांड्यात आहे. हा दांडा दाबला की सगळ्या तारा एकदम सैल होतात, सूर खाली घसरतो. सोडला की तारा पुन्हा जागच्या जागी यायला हव्यात. बाजारातल्या गिटारींत त्या काळी ही मोठीच अडचण होती. घर्षणामुळे तारा पूर्ण परत येत नसत आणि दोन गाण्यांत गिटार बेसूर होई. मे बापलेकांनी हा सगळा भाग पोलादाच्या एका धारेवर तोलला. आपल्याकडे बारावीच्या प्रयोगशाळेत काचेच्या पेटीत जो फिजिकल बॅलन्स असतो, त्याची दांडी जशी सुरीच्या धारेवर टेकलेली असते, तसाच. एका बाजूनं तारांचा ताण, दुसऱ्या बाजूनं स्प्रिंगा. स्प्रिंगा १९२८ च्या पँथर मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या. दांडा सायकलच्या सीटमागच्या पिशवीच्या आधारातून कापलेला, त्याच्या टोकाला आईच्या विणकामाच्या सुईचं बोंडुक.

पडद्यांचा हिशेब वेगळाच. तारेची मोकळी लांबी २४ इंच, पडदे २४. सप्तकातले बारा अर्धस्वर समान अंतरानं बसवायचे तर दर पडद्याला उरलेली लांबी दोनच्या बाराव्या मुळानं, म्हणजे सुमारे १.०५९५ नं भागायची. पहिला पडदा सव्वा इंचाच्या थोडा पुढे येतो, आणि तिथून प्रत्येक घर आधीच्यापेक्षा किंचित आखूड. एका ठिकाणी अर्धा मिलिमीटर चुकलं तर तो सूर जन्मभर खोटा.

खर्च म्हणे आठ पौंडांच्या आसपास. पुढची सगळी कारकीर्द तो मुख्यतः याच गिटारीवर वाजवत आला.

इतकं तपशिलात गेलो, कारण ‘अभ्यास एकीकडे आणि छंद दुसरीकडे’ ही आपण घालतो ती वाटणी या घरात लागूच पडत नाही. ताण, घर्षण, कंपन हे त्याला आधी टेबलावर भेटले आणि पुस्तकात नंतर. आपल्याकडे दहावीचं वर्ष लागलं की तबल्याचा क्लास बंद होतो, पेटीवर चादर पडते. ‘आधी डिग्री घे, मग वाजव काय वाजवायचं ते.’ हॅरॉल्ड मेंनी पोराला गिटार करू दिली, नव्हे, बरोबरीनं बसून केली. (गंमत अशी की तेच हॅरॉल्ड पुढे मुलानं डिग्री सोडून तीच गिटार हातात घेतल्यावर फार दुखावले. त्याबद्दल पुढे येईलच.)

आणखी एक छंद इथेच नोंदवून ठेवतो, शेवटी लागेल. लहानपणी नाश्त्याच्या वीटाबिक्सच्या खोक्यात त्याला जोडचित्रांचं कार्ड मिळालं. किंचित वेगळ्या कोनांतून घेतलेली दोन चित्रं. दुर्बिणीसारख्या भिंगातून पाहिली की सपाट कागदाला खोली येते. पोरगं त्या चित्रांच्या नादी लागलं ते कायमचं.

साउथ केन्सिंग्टन

लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागातल्या इम्पिरियल कॉलेजातून १९६८ मध्ये भौतिकशास्त्राची पदवी घेतल्यावर १९७० मध्ये तो तिथेच खगोलभौतिकीत पीएच.डी.ला लागला. मार्गदर्शक आधी जिम रिंग, मग केन रे. त्याच १९७० मध्ये ‘क्वीन’ उभी राहिली. नोंदणी आणि बँड, दोन्हींचं साल एक. म्हणजे ‘अभ्यास चांगला चालला होता आणि मग बँडनं घात केला’ ही मांडणी मुळातच चूक. दोन्ही गाड्या एकदमच सुटल्या होत्या.

बँडमधले बाकीचेही शिकणारेच होते. ड्रमवाला रॉजर टेलर दातांच्या डॉक्टरकीपासून सुरू करून जीवशास्त्राकडे वळलेला. १९७१ मध्ये आलेला जॉन डीकन इलेक्ट्रॉनिक्सचा. आणि गायक फ्रेडी मर्क्युरी ईलिंगच्या कला महाविद्यालयातून ग्राफिक डिझाइन शिकून आलेला. हा फ्रेडी म्हणजे झांझिबारमध्ये जन्मलेला पारशी मुलगा फारोख बल्सारा. त्याचं शाळेचं वय गेलं आपल्या पाचगणीत, सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात. ‘फ्रेडी’ हे नावही तिथलंच, आणि ‘हेक्टिक्स’ हा त्याचा पहिला बँडही तिथलाच. पाचगणीला स्ट्रॉबेरी क्रीम खायला जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे माहीत असतं.

दिवसा प्रयोगशाळा, रात्री तालीम. वर लंडनच्या दक्षिणेकडच्या एका शाळेत गणिताची शिक्षकी. चाळीस पोरांचा वर्ग घेऊन आल्यावर प्रबंधाचं एक पानही हलत नाही, हे मी शपथेवर सांगू शकतो.

धूळ कुठल्या दिशेला चाललीय?

विषय समजून घेतल्याशिवाय प्रकरण कळणार नाही, म्हणून थोडं भौतिकशास्त्र.

सूर्यमालेत ग्रहांच्या मधली जागा रिकामी नाही. तिथे बारीक धूळ आहे, मुख्यतः ग्रहांच्याच पातळीत पसरलेली. सूर्याचा प्रकाश त्या धुळीवरून विखुरतो आणि खऱ्या अंधाऱ्या जागी, सूर्यास्तानंतर किंवा पहाटेआधी, क्षितिजातून वर चढत गेलेला एक फिकट पांढरा शंकू दिसतो. हाच राशिचक्रीय प्रकाश. पहाटेच्या या फसव्या उजेडाला फारसी-उर्दूत ‘सुबह-ए-काज़िब’, खोटी पहाट, म्हणतात. याहून नेमकं नाव मला सुचत नाही.

ही धूळ आली कुठून? धूमकेतूंनी मागे टाकलेली, की लघुग्रह एकमेकांवर आपटून झालेली? एकदा पडून राहिली असंही नाही. सूर्यप्रकाशाच्याच परिणामानं बारीक कणांची गती हळूहळू मंदावते आणि ते फिरत फिरत सूर्याकडे ओढले जातात. म्हणजे धूळ अजून दिसते आहे याचाच अर्थ कुणीतरी ती सतत पुरवतंय. पुरवणारा कोण, याचा एक धागा धुळीच्या गतीत आहे. ती ग्रहांच्याच दिशेनं फिरते का? किती वेगानं?

गती मोजायची कशी? सूर्याच्या वर्णपटात काळ्या रेघा असतात. त्यातली मॅग्नेशियमची एक रेघ ५१८४ अँगस्ट्रॉमजवळ आहे (अँगस्ट्रॉम हे प्रकाशाची लहरलांबी मोजायचं अतिसूक्ष्म एकक). धुळीवरून येणारा प्रकाश सूर्याचाच, तेव्हा ती रेघ त्यातही असतेच. फक्त धूळ हलत असेल तर रेघ जागेवरून सरकते. किती? पृथ्वी सेकंदाला ३० किलोमीटर धावते. प्रकाशवेगाच्या मानानं हे दहा हजारांत एक. म्हणजे रेघ सरकणार साधारण अर्धा अँगस्ट्रॉम. डोळ्याला दिसणारा वर्णपट तीनेक हजार अँगस्ट्रॉम पसरलेला असतो, त्यातलं हे अर्धं. तेही ज्या उजेडाकडे रोखून पाहिलं तर नाहीसा होतो अशा उजेडात.

यासाठी लागतो फॅब्री-पेरॉट, वर्णपटातल्या रेघा अतिशय बारकाईनं मोजणारं उपकरण. हो, तोच, जो आपल्या एम.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला असतो आणि ज्याच्या दोन काचा समांतर करता करता तास संपतो. मे आणि सहकारी असं उपकरण घेऊन स्पेनच्या ताब्यातल्या टेनेरिफे बेटावर गेले. तिथली तेइदे वेधशाळा सुमारे २४०० मीटर उंचीवर आहे. ढग बहुतेक वेळा पायाखाली राहतात. १९७१ आणि १९७२ मध्ये तिथे वेध झाले. पहाटेचेही हवेत आणि संध्याकाळचेही. कारण पहाटे आपण पृथ्वी धावते त्या दिशेला बघत असतो आणि संध्याकाळी तिच्या पाठीमागे. दोन्ही बाजूंची रेघ कशी सरकते हे जुळवलं की धुळीची चाल कळते.

या खटाटोपात एक आगंतुक पाहुणा सापडला. रात्रीच्या आकाशाच्या वर्णपटात मॅग्नेशियमचं स्वतःचं उत्सर्जन दिसलं, आणि त्याचं टिपण डिसेंबर १९७२ मध्ये ‘नेचर’मध्ये आलं. पंचविशीतल्या विद्यार्थ्याचं नाव ‘नेचर’मध्ये! आमच्याकडे यावर विभागप्रमुख स्वतः पेढे वाटतील. मग १९७४ चा तो ‘भाग १’.

म्हणजे वेध झाले होते, दोन निबंध छापून आले होते, राहिलं होतं ते लिहिणं. इथेच तर सगळे अडकतात.

१९७४

त्या एका वर्षात काय काय झालं ते पाहा. मार्चमध्ये बँडची दुसरी तबकडी आली. वसंतात ते पहिल्यांदा अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले, तेही दुसऱ्या एका बँडच्या आधी वाजवायला. मे महिन्यात ब्रायनला हिपॅटायटिस झाला आणि दौरा अर्ध्यावर सोडून परतावं लागलं. त्यातून उठतो तो पोटाच्या अल्सरनं पुन्हा आडवा. बाकीच्यांनी तिसऱ्या तबकडीचं ध्वनिमुद्रण त्याच्याशिवाय सुरू केलं आणि गिटारीसाठी जागा मोकळ्या ठेवल्या. त्यानं बरं झाल्यावर त्या भरल्या.

फॉरवर्डमध्ये हा आजार कधीच नसतो, आणि दुसरं असं की पैसाही नव्हता. १९७४ मध्ये ‘क्वीन’ गाजायला लागली होती, पण वाजवणाऱ्यांच्या हातात फारसं काही पडत नव्हतं. व्यवस्थापनाशी झालेल्या करारातून ते सुटले पुढच्या वर्षी. ‘श्रीमंतीसाठी विज्ञान सोडलं’ असं म्हणायला जागाच नाही. एका बाजूला न संपणारा प्रबंध, दुसऱ्या बाजूला न पिकलेला बँड, आणि मधे अंथरुणाला खिळलेला सत्तावीस वर्षांचा मुलगा.

माझ्या मते त्यानं तेव्हा जे केलं तो ‘निर्णय’ म्हणावा असा नव्हताच. बँडमध्ये तीन माणसं त्याची वाट पाहत होती, जागा मोकळ्या ठेवून. प्रबंधाची वाट कोण पाहत होतं? अपूर्ण पीएच.डी. फार क्वचित सोडली जाते. ती बाजूला ठेवली जाते. या महिन्यात नको, दौरा झाल्यावर बघू, परीक्षा संपल्यावर बघू, बहिणीचं लग्न होऊ दे. मग एक दिवस आपण स्वतःची ओळख करून देताना त्या कामाचा उल्लेख करत नाही.

हॅरॉल्ड मे नाराज झाले. ज्या मुलासोबत दोन वर्षं लाकूड तासलं, त्यानं शिक्षण असं टाकावं हे त्यांना पटेना. बापलेकांत बराच काळ अबोला-दुरावा राहिला. पुढे मुलानं त्यांना न्यूयॉर्कला नेऊन मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधला कार्यक्रम दाखवला, तेव्हा ते निवळले. १९८८ मध्ये ते वारले. प्रबंध पुरा झालेला त्यांनी पाहिला नाही.

मधली वर्षं

यावर फार लिहायची गरज नाही, तो इतिहास सगळ्यांनी ऐकलेला आहे. एवढंच सांगतो की १९७५ च्या तबकडीत मेनं लिहिलेलं एक गाणं आहे. अंतराळप्रवासी वर्षभरासाठी जातात. परत येतात तर पृथ्वीवर शंभर वर्षं उलटलेली. गिटार घेऊन बसलेल्या माणसानं आइन्स्टाइनचं कालविस्फारण लोकगीताच्या चालीत बांधलं. कॉलेज सुटलं होतं, विषय सुटला नव्हता.

१९९१ मध्ये फ्रेडी गेला. २००२ मध्ये हर्टफर्डशायर विद्यापीठानं ब्रायन मे याला मानद डॉक्टरेट दिली. डॉक्टर म्हणवून घ्यायचं असतं तर प्रश्न तिथेच मिटला होता! आपल्याकडे मानद पदवीनंतर दुसऱ्या दिवशी दारावरची पाटी बदलते.

ऑक्टोबर २००६

पॅट्रिक मूर हे ब्रिटिश टीव्हीवर दशकानुदशकं आकाशदर्शनाचा कार्यक्रम चालवणारे गृहस्थ. मे लहानपणापासून त्यांचा भक्त, पुढे मित्र. त्या दोघांनी ख्रिस लिंटॉट या तरुण खगोलशास्त्रज्ञासह विश्वाच्या इतिहासावर एक पुस्तक लिहिलं, ते २००६ मध्ये आलं. प्रबंध पुरा कर म्हणून मूर मागे लागलेच होते. इम्पिरियलमध्ये खगोलभौतिकीचे प्रमुख मायकल रोवन-रॉबिन्सन मार्गदर्शक व्हायला तयार झाले, आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा रीतसर नोंदणी झाली.

इथे नशिबाचा भाग मोठा आहे, तो मान्य करायला हवा. मे ज्या विषयावर काम करत होता तो मधल्या काळात जवळजवळ निजला होता. धुळीच्या गतीवर फार थोड्यांनी हात घातला. कण भौतिकीतला किंवा अर्धवाहकांमधला १९७४ चा प्रबंध २००६ मध्ये उघडला असता तर तो संग्रहालयात द्यायच्या लायकीचा ठरला असता. शेजारी मात्र उलथापालथ झाली होती. १९८३ मध्ये आयरास उपग्रहानं अवरक्त किरणांत आकाश पाहिलं आणि त्यातून धुळीचे पट्टे सापडले, लघुग्रहांच्या टकरींशी नातं सांगणारे. (रोवन-रॉबिन्सन स्वतः आयरासच्या कामातले. मार्गदर्शक याहून नेमका मिळाला नसता.) मग दुसऱ्या ताऱ्यांभोवती ग्रह सापडू लागले, त्यांच्या भोवतीची धूळही महत्त्वाची झाली, आणि हा कोपऱ्यातला विषय पुन्हा चलनात आला.

तेव्हा २००६-०७ मध्ये काम दुहेरी होतं. स्वतःचे जुने वेध लिहून काढायचे, आणि मधल्या ३३ वर्षांत जगानं काय केलं ते वाचून आपलं काम त्यात कुठे बसतं हे दाखवायचं. ऑगस्टमध्ये प्रबंध सादर झाला, २३ ऑगस्ट २००७ ला व्हायवा. परीक्षकांनी सुचवलेल्या दुरुस्त्या करून सप्टेंबरमध्ये मंजुरी मिळाली. दुरुस्त्या रॉकस्टारलाही चुकत नाहीत, हे आमच्या विद्यार्थ्यांना मी आवर्जून सांगतो. पदवीदान १४ मे २००८ ला, रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये. प्रबंधाचं नाव, मराठीत सांगायचं तर, ‘राशिचक्रीय धूलिमेघातील अरीय वेगांचं सर्वेक्षण’. त्यात ‘भाग’ वगैरे काही नाही.

हे जमलं कशामुळे

पैसा आणि नाव यांनी दारं उघडली, हे उघड आहे. साठीच्या एखाद्या अनोळखी माणसासाठी विभागप्रमुख मार्गदर्शक व्हायला निघत नाहीत. वर्षभर बाकी सगळं बाजूला ठेवण्याची ऐपतही हवी. पण प्रसिद्धीनं वेध मिळत नाहीत. २००७ चा प्रबंध उभा आहे तो १९७१-७२ च्या रात्रींवर, आणि त्या रात्रींचा कच्चा माल इतक्या वर्षांनी वाचता आला, पुन्हा हिशेबात घेता आला, ही या प्रकरणातली मला सगळ्यात मोठी वाटणारी गोष्ट आहे.

माझं सांगतो. नव्वदच्या दशकात मीही एका विद्यापीठात थिन फिल्म्सवर पीएच.डी.ला नाव घातलं होतं. नोकरी लागली, अंतर वाढलं, मुदतवाढ घेतली, मग तीही संपली. मे यांची गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा अर्थातच माळ्यावरून खोकं उतरवलं. निम्मा डेटा फ्लॉपींवर. त्यांच्यावर बुरशीची नक्षी, आणि त्या वाचणारं यंत्रही घरात नाही. उरलेला वहीत. वहीतली एक नोंद अजून डोळ्यासमोर आहे: ‘नमुना ७. तापमान कालच्यासारखंच.’ मागचं पान उलटलं तर तिथे लिहिलेलं, ‘नमुना ६. नेहमीप्रमाणे.’ बायकोनं विचारलं, काय शोधताय? म्हटलं, कालचं तापमान.

वेळ, पैसा, ओळख यातलं काहीही मिळालं असतं तरी माझा प्रबंध उघडला नसता. आणि दोष छंदाला देता येत नाही, कारण मला छंदच नव्हता. भजनी मंडळात पखवाज वाजवायचो तोही ‘पीएच.डी. होईपर्यंत’ म्हणून बंद केला होता. तो अजून बंदच आहे.

मेच्या बाबतीत छंदानं उलट पुढे विज्ञानालाच हात दिला. जोडचित्रांचा नाद त्यानं सोडला नाही. १८५० च्या दशकात टी. आर. विल्यम्स नावाच्या छायाचित्रकारानं एका खेड्याची जोडचित्रं काढली होती. ते खेडं कुठलं हे कोणालाच माहीत नव्हतं. मे वर्षानुवर्षं त्याच्या मागे होता, आणि २००३ मध्ये ते सापडलं: ऑक्सफर्डशायरमधलं हिंटन वॉल्ड्रिस्ट. हे झालं निव्वळ हौसेचं. पण नासाचं ओसायरिस-रेक्स यान बेन्नू या लघुग्रहाची माती आणायला गेलं, तेव्हा खडकांनी भरलेल्या त्या पृष्ठभागावर यान कुठे टेकवायचं हा प्रश्न होता. मे आणि त्याची सहकारी क्लाउडिया मान्झोनी यांनी यानानं पाठवलेल्या छायाचित्रांतून जोड्या जुळवून खोली दिसेल अशी चित्रं तयार केली. जागा निवडताना मोहिमेच्या लोकांना ती उपयोगी पडली. सप्टेंबर २०२३ मध्ये माती पृथ्वीवर आली. नाश्त्याच्या खोक्यातल्या कार्डापासून लघुग्रहावरच्या दगडांपर्यंत, मधे एकही प्रमाणपत्र लागलं नाही.

लघुग्रहांचा विषय निघालाच आहे म्हणून: क्रमांक ५२६६५ च्या लघुग्रहाला त्याचं नाव आहे. तोही कधीतरी कशावर तरी आपटेल आणि त्याची धूळ होईल.

हे सगळं विद्यार्थ्यांना सांगितल्यावर त्यांना तो प्रकाश दाखवावा असं वाटलं. आपल्या अक्षांशावर ती सोय उत्तम आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये संध्याकाळी क्रांतिवृत्त (आकाशातला सूर्याचा वार्षिक मार्ग) पश्चिम क्षितिजावर जवळपास उभं असतं, त्यामुळे शंकू सरळ वर चढतो. लंडनला तो तिरका लवंडलेला असतो. चंद्र नको, आणि सूर्य बुडून सव्वा तास उलटायला हवा. पहिला प्रयत्न, फ्रेडीच्या आठवणीनं, पाचगणीच्या टेबललँडवर केला. हॉटेलांच्या दिव्यांत साधा कृत्तिकांचा झुबकाही धड दिसेना.

दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये वेळासला गेलो. मुलं कासवांची पिल्लं समुद्रात सोडताना बघायला आली होती, माझं पोट वेगळ्याच गोष्टीसाठी दुखत होतं. जेवणाआधी त्यांना किनाऱ्यावर नेलं, मोबाईल खिशात ठेवायला लावले, वीस मिनिटं गप्प बसवलं. भरतीचा आवाज आणि डासांची गुणगुण. मग हळूहळू समुद्रातून वर, रोहिणीच्या दिशेनं निमुळती होत गेलेली, दुधाळ अशी एक उभी झाक दिसायला लागली. सरळ बघितली की पुसट व्हायची, जरा बाजूला बघितलं की पुन्हा यायची.

एक मुलगी म्हणाली, ‘सर, ते तिकडं कुठलं शहर आहे? केवढा उजेड पडलाय.’

म्हटलं, ‘तिकडं समुद्र आहे गं. त्यापलीकडे थेट ओमान.’